कौशल्य, योगायोग आणि दुरुस्ती : पिनबॉल यंत्राच्या देखभालीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोध, उत्पादन आणि विक्री या तीन टप्प्यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. शोधकर्त्याचे नाव पेटंटच्या दप्तरात सापडते, कारखान्याचे हिशेब मिळतात, जाहिरातीही जपलेल्या असतात. विकले गेलेले यंत्र पुढे वीस-तीस वर्षे चालते ठेवणाऱ्या कारागिराची नोंद मात्र क्वचितच कोठे झालेली असते. करमणुकीच्या यंत्रांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. गिरणीतील माग किंवा रेल्वेचे इंजिन यांना निदान आर्थिक इतिहासात स्थान मिळाले. खेळाच्या यंत्राच्या वाट्याला तेही फारसे आले नाही. प्रस्तुत निबंधात पिनबॉल या यंत्राची दुरुस्ती, जीर्णोद्धार आणि अद्ययावतीकरण यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

पिनबॉल म्हणजे नाणे टाकून चालणारे, खेळाडूकडे उतरत्या असलेल्या लाकडी पाटावर पोलादी गोळी खेळवण्याचे यंत्र. पाटावर काच असते. गोळीला उसळी देणारे बंपर, दिवे, खाचा आणि गुण मोजणारी यंत्रणा ही त्याची मुख्य अंगे होत. पाटाच्या खालच्या टोकाशी दोन आखूड दांडे असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. खेळाडूने बाजूची कळ दाबली की फ्लिपर उसळतो आणि गोळी वर फेकली जाते. दोन फ्लिपरांच्या मधून गोळी निसटली की ती बाद होते.

नागपूरच्या वाचकाला या खेळाची ओळख बहुधा संगणकाच्या पडद्यावर झाली. १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या पुरवणी संचातून आलेला आणि पुढे २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही समाविष्ट असलेला ‘स्पेस कॅडेट’ हा पिनबॉल खेळ एका संपूर्ण पिढीला परिचित आहे. मात्र त्या चित्रामागचे मूळ यंत्र लाकूड, लोखंड, रबर आणि तांब्याची तार यांनी घडलेले होते. ते सतत बिघडत असे आणि सतत दुरुस्त करावे लागे. याच वस्तुस्थितीचा त्या खेळाच्या इतिहासाशी, विशेषतः त्याच्या कायदेशीर इतिहासाशी, निकटचा संबंध आहे. पिनबॉल हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या प्रश्नावर अमेरिकेत अनेक दशके वाद झाला. या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या आराखड्याइतकेच त्याच्या देखभालीवरही अवलंबून होते, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

यंत्राची जडणघडण :

पिनबॉलचे मूळ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लोकप्रिय झालेल्या बॅगाटेल या मेजावरच्या खेळात आहे. त्यात काठीने गोळी ढकलून ती खिळ्यांच्या मधून खाचेत पाडावी लागे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट घेतले. काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या आला आणि पाटाला निश्चित उतार मिळाला. आजच्या यंत्रातही गोळी सोडण्यासाठी हाच दट्ट्या वापरलेला दिसतो.

खऱ्या अर्थाने या यंत्राचा प्रसार महामंदीच्या काळात झाला. शिकागो येथील डेव्हिड गॉटलीब यांनी १९३१ मध्ये ‘बॅफल बॉल’ हे यंत्र साडेसतरा डॉलर किमतीस बाजारात आणले आणि त्याची ५०,००० हून अधिक नगे विकली गेली. एका नाण्यात अनेक गोळ्या खेळता येत असल्याने पैशांची चणचण असलेल्या माणसालाही ही करमणूक परवडत असे. या यंत्रात वीज नव्हती. खिळा वाकणे, स्प्रिंग सैल होणे, पाट झिजणे एवढेच बिघाड संभवत आणि ते सुताराच्या हत्यारांनी दूर होत.

१९३३ च्या सुमारास हॅरी विल्यम्स यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रात विजेचा वापर झाला. विद्युतचुंबकीय कॉइलच्या धक्क्याने गोळी खाचेतून पुन्हा बाहेर फेकली जाऊ लागली. यंत्र हलवून गोळी हवी तिकडे वळवणाऱ्या खेळाडूंना आवर घालण्यासाठी ‘टिल्ट’ ही यंत्रणाही विल्यम्स यांनीच रूढ केली. पुढे तिला जे रूप आले ते गवंड्याच्या ओळंब्यासारखे आहे. लोंबता धातूचा लंबक भोवतीच्या कड्याला टेकला की विद्युतमंडल पूर्ण होते आणि खेळ बंद पडतो. लंबक किती खाली-वर ठेवायचा हे यंत्राची देखभाल करणारा ठरवत असे. यंत्र किती हलवलेले चालेल, म्हणजेच खेळाडूला किती मोकळीक द्यायची, हा निर्णय येथे प्रथमच दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती आला.

या व्यवसायाची रचनाही लक्षात घेणे आवश्यक आहे. कारखाना यंत्र चालकाला विकत असे. चालक ते उपाहारगृहात किंवा दुकानात ठेवी आणि जमा झालेली नाणी दुकानदारासोबत वाटून घेई. बंद पडलेले यंत्र म्हणजे बुडालेले उत्पन्न होते. त्यामुळे दुरुस्ती जागेवरच, थोड्या वेळात आणि हाताशी असलेल्या साहित्यात करावी लागे. यंत्राची बांधणीही याच गरजेतून घडली. काच सरकवून काढता येते. पाट वर उचलून टेकवता येतो आणि त्याच्या खालच्या सर्व तारा, कॉइल व कॉन्टॅक्ट एका दृष्टिक्षेपात दिसतात. विद्युतमंडलाचा नकाशा यंत्रासोबतच दिला जाई.

बंदी, युद्ध आणि जुन्या यंत्रांचे रूपांतर :

आरंभीच्या यंत्रांत फ्लिपर नव्हते. गोळी एकदा सुटली की खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे. काही यंत्रे रोख बक्षीसही देत. त्यामुळे पिनबॉलकडे जुगार म्हणून पाहिले जाऊ लागले. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत जानेवारी १९४२ मध्ये शहरात या यंत्रांवर बंदी आली. पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली. स्वतः महापौर घणाने यंत्रे फोडत असल्याची छायाचित्रे त्या काळी प्रसिद्ध झाली. शिकागो व लॉस एंजेलिस या शहरांतही अशीच बंदी होती.

त्याच वर्षी युद्धामुळे करमणुकीच्या यंत्रांचे उत्पादन थांबवण्यात आले आणि कारखाने युद्धसाहित्याच्या निर्मितीकडे वळले. जेथे बंदी नव्हती तेथे खेळाची मागणी कायम होती, पण नवे यंत्र मिळत नव्हते. या अडचणीतून जुन्या यंत्रांच्या रूपांतराचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. जुना पाट घासून पुन्हा रंगवायचा, बंपरांची मांडणी बदलायची, समोरची चित्रकाच नवी बसवायची आणि यंत्राला नवे नाव द्यायचे, असे या कामाचे स्वरूप होते. लिन ड्युरंट व हॅरी विल्यम्स यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या युनायटेड मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीचा आरंभ अशाच रूपांतरांपासून झाला. युद्धकाळातील अनेक रूपांतरित यंत्रांवर शत्रूराष्ट्रांच्या नेत्यांची व्यंगचित्रे रंगवलेली होती.

या घटनेला दुहेरी महत्त्व आहे. एक म्हणजे, अद्ययावतीकरण ही अलीकडच्या हौशी संग्राहकांची कल्पना नसून टंचाईच्या काळात व्यवसाय तगवणारी ती एक रीत होती. दुसरे म्हणजे, रूपांतरित यंत्रांचे मूळ स्वरूप कायमचे नाहीसे झाले. अशा यंत्राचा जीर्णोद्धार करताना १९३९ चे रूप परत आणावे की १९४३ चे, हा प्रश्न आजही संग्राहकांपुढे उभा राहतो.

फ्लिपर आणि कौशल्याची कसोटी :

१९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी विजेवर चालणारे सहा फ्लिपर बसवले. १९४८ मध्ये स्टीव्ह कॉर्डेक यांनी ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’ या यंत्रात पाटाच्या तळाशी दोनच, परंतु अधिक जोरकस फ्लिपर ठेवले. पुढे हीच मांडणी रूढ झाली. फ्लिपर नसलेली यंत्रे एका हंगामात जुनी ठरली आणि त्यांवर फ्लिपर बसवून देण्याचे कामही सुरू झाले. खेळाडूला गोळीची दिशा व वेळ ठरवण्याचे साधन मिळाल्याने खेळाचे स्वरूपच पालटले.

फ्लिपरची रचना समजून घेतल्यास दुरुस्तीचे महत्त्व स्पष्ट होते. त्याच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात. जाड तारेचा वेढा मोठा विद्युतप्रवाह घेऊन दांडा जोराने उचलतो. बारीक तारेचा वेढा कमी प्रवाहात तो उचललेल्या स्थितीत धरून ठेवतो. दांडा टोकाला पोचताच एक लहान कॉन्टॅक्ट उघडतो आणि भार जाड वेढ्यावरून निघतो. हा कॉन्टॅक्ट वेळेवर उघडला नाही तर कॉइल तापून जळते. तो फार लवकर उघडला किंवा त्याच्या पत्त्यांवर काजळी साचली तर फ्लिपर दुबळा होतो. अशा वेळी खेळाडूचा नेम अचूक असूनही गोळी पाटाच्या वरच्या भागापर्यंत पोचत नाही. कॉन्टॅक्टच्या दोन पत्त्यांमधील केसभर अंतरावर खेळातील कौशल्याचे प्रमाण ठरत असे.

न्यूयॉर्कमधील बंदी उठण्याची घटना या दृष्टीने बोलकी आहे. एप्रिल १९७६ मध्ये नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या लेखकाने प्रत्यक्ष खेळून पिनबॉल हा कौशल्याचा खेळ असल्याचे दाखवले. प्रात्यक्षिकासाठी दोन यंत्रे आणली होती. शार्प यांनी पुढे सांगितल्यानुसार, पहिल्या यंत्रात काही फेरफार केला असावा अशा शंकेने एका सदस्याने राखीव यंत्रावर खेळण्यास सांगितले. शार्प यांनी दट्ट्या ओढण्यापूर्वीच गोळी वरच्या मधल्या मार्गिकेतून जाईल असे जाहीर केले आणि गोळी तेथूनच गेली. बंदी उठली. इतिहासात या प्रसंगाचे श्रेय खेळाडूच्या हाताला मिळाले आणि ते योग्यच आहे. तथापि, ऐनवेळी निवडलेले राखीव यंत्रही तितकेच सुस्थितीत होते, दट्ट्याची स्प्रिंग ठरावीक जोर देत होती, पाट समतल होता, याची नोंद कोणी घेतली नाही. ज्याने ते यंत्र नीट लावले त्याचे नावही या कथेत येत नाही.

रिलेपासून मायक्रोप्रोसेसरपर्यंत :

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत यंत्राची स्मृती यांत्रिक होती. गुण मोजणारी फिरती चाके, पायरीपायरीने सरकणारे गणक, शेकडो कॉन्टॅक्ट व डझनावारी रिले मिळून खेळाचे नियम राबवीत. बिघाड शोधण्यासाठी नकाशा, चाचणीचा दिवा आणि कान पुरेसे होत. कोणता रिले खटकला आणि कोणता नाही, हे अनुभवी कारागिराला आवाजावरून उमगे.

१९७६-७७ पासून मायक्रोप्रोसेसर आला आणि बॅली, विल्यम्स व गॉटलीब या कंपन्यांनी अल्पावधीत नवी पद्धत स्वीकारली. नव्या यंत्रात स्वतःची चाचणी स्वतः घेण्याची सोय होती. बिघाड अंकांच्या रूपाने कळू लागला. परंतु जे पूर्वी डोळ्यांना दिसत होते ते आता लहानशा काळ्या चकतीत बंद झाले. कारागिराला पॉलिश पेपर व पान्याबरोबर सोल्डरची कांडी आणि मीटर हाताळणे शिकावे लागले. हे संक्रमण प्रत्येकाला साधले नाही.

नव्या यंत्रांचे वार्धक्यही वेगळ्या प्रकारचे ठरले. बॅलीच्या १९७७ नंतरच्या मुख्य सर्किट बोर्डावर गुणांची नोंद टिकवण्यासाठी पुन्हा चार्ज होणारी बॅटरी सोल्डर केलेली असे. काही वर्षांनी ती पाझरते आणि तिच्यातील क्षार बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. गॉटलीबच्या १९७७ ते १९८० मधील यंत्रांत रॉकवेल कंपनीच्या खास चिप वापरल्या होत्या. त्यांचे उत्पादन थांबल्यावर मूळ सुटा भाग मिळणेच अशक्य झाले. १९३१ चे लाकडी यंत्र आजही सुतार दुरुस्त करू शकतो, पण १९७८ च्या यंत्रासाठी नवा बोर्ड तयार करून बसवावा लागतो. यंत्र जितके नवे तितके त्याचे आयुष्य मोठे, ही सर्वसामान्य समजूत येथे उलटी ठरते.

१९९२ मधील ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या यंत्राची २०,२७० नगे तयार झाली. हा या उद्योगाचा उत्कर्षबिंदू मानला जातो. त्यानंतर व्हिडिओ गेम व घरगुती संगणक यांच्या स्पर्धेत मागणी घसरली. ऑक्टोबर १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉलचे उत्पादन बंद केले आणि स्टर्न ही एकच मोठी उत्पादक कंपनी उरली. कारखाने बंद झाल्यावर सुटे भाग, नकाशे आणि अनुभव यांची जबाबदारी हौशी संग्राहकांवर आली. पुढील काळात त्यांच्याच मागणीतून नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. २०११ मध्ये जर्सी जॅक पिनबॉल ही कंपनी स्थापन झाली. लास व्हेगास, कॅलिफोर्नियातील अ‍ॅलमीडा आणि बुडापेस्ट येथे चालू यंत्रांची संग्रहालयेही उभी राहिली. तेथे प्रेक्षक यंत्रे केवळ पाहत नाहीत, ती खेळतातही.

जीर्णोद्धार की अद्ययावतीकरण? :

दुरुस्ती यंत्र पुन्हा चालू करते. जीर्णोद्धार ते मूळ रूपात आणतो. अद्ययावतीकरण त्याला मूळात नसलेली क्षमता देते. व्यवहारात या तिन्हींच्या सीमा पुसट आहेत. जुने तापणारे बल्ब काढून एलईडी बसवल्यास तारा व जोडण्यांवरील भार कमी होतो, उष्णतेने चित्रकाचेवरील रंगाचे पोपडे निघणे थांबते आणि प्लॅस्टिकचे भाग वाकत नाहीत. मात्र एलईडीचा प्रकाश थंड व टोचणारा असल्याने यंत्राचे मूळ रूप हरवते, असा आक्षेप घेतला जातो. पाटावरील झिजलेले चित्र पुन्हा रंगवून त्यावर चकचकीत लेप दिल्यास लाकूड टिकते, पण गोळी पूर्वीपेक्षा वेगाने धावते. म्हणजे जतनाच्या हेतूने केलेल्या कामाने खेळच बदलतो.

या वादात एक तत्त्व उपयुक्त ठरते. जो बदल मागे घेता येतो तो करण्यास हरकत नसावी. बल्ब पुन्हा बदलता येतो, बॅटरीऐवजी बसवलेली स्मृतिचिप काढता येते. घासून काढलेला मूळ रंग मात्र परत येत नाही. आपल्याकडे जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धारात दगडी भिंतींवर ऑइलपेंटचे थर चढवले गेले, तेव्हा नेमका हाच विवेक सुटला होता.

संगणकावरील ‘स्पेस कॅडेट’ची कथाही याच प्रश्नाशी निगडित आहे. ६४-बिट प्रणालीसाठी तो खेळ पुन्हा तयार करताना गोळी अडथळ्यांमधून आरपार जाऊ लागली. जुनी आज्ञावली समजणारे कोणी नव्हते, म्हणून तो विंडोज व्हिस्टामध्ये घेण्यात आला नाही, असे मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी लिहिले आहे. पुढे हौशी संगणकतज्ज्ञांनी तो उलगडून पुन्हा लिहिला. ज्या वस्तूची दुरुस्ती करणारा उरत नाही ती वस्तू नष्ट होते. हा नियम लाकडाला लागू आहे तसाच आज्ञावलीलाही आहे.

भारतीय कायदा व नागपूरचा संदर्भ :

कौशल्य आणि योगायोग यांतील भेद भारतीय कायद्यालाही परिचित आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रांताला, म्हणजेच त्याची राजधानी असलेल्या नागपूरलाही, लागू होता. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. सध्या महाराष्ट्रात लागू असलेल्या, मूळ मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात आणि १९६७ च्या रमीविषयक निकालात ज्या खेळात कौशल्याचा वाटा प्रमुख तो जुगार नव्हे, अशी भूमिका घेतली. १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात व्हिडिओ गेम केंद्रांवर परवान्याद्वारे नियंत्रण ठेवण्याचा शासनाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला.

पत्त्यांच्या खेळात कौशल्याचे प्रमाण नियमांवरून ठरवता येते. यंत्राच्या खेळात ते नियमांइतकेच यंत्राच्या स्थितीवर अवलंबून असते. दुबळा फ्लिपर, वाकडा पाट किंवा फार संवेदनशील टिल्ट असलेले यंत्र कौशल्याच्या खेळाला योगायोगाच्या पातळीवर आणते. म्हणून अशा यंत्रांविषयीचा कोणताही निर्णय त्यांची देखभाल तपासल्याशिवाय पूर्ण होत नाही.

एखादे पिनबॉल यंत्र नागपुरात जपायचे ठरल्यास येथील परिस्थितीचाही विचार करावा लागेल. अमेरिकी यंत्र सुमारे १२० व्होल्ट व ६० आवर्तनांच्या विजेसाठी बनलेले असते, तर आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० आवर्तने आहेत. ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून व्होल्टेज साधता येते, पण आवर्तने बदलत नाहीत. त्यामुळे जुन्या यंत्रातील गुणमोजणीची मोटर काहीशी मंद चालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आणि पाठोपाठ पावसाळ्याचा दमटपणा अनुभवणाऱ्या शहरात प्लायवूड, रबर व चित्रकाचेवरील रंग यांची कसोटी लागते.

नागपूरला यंत्रे जपण्याची परंपरा नवीन नाही. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, १९९२ मध्ये सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र आणि १४ डिसेंबर २००२ रोजी मोतीबाग येथे सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय ही तिची उदाहरणे आहेत. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज मार्ग २०१५ मध्ये आणि नागपूर–नागभीड मार्ग २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद झाला. इंजिने संग्रहालयात उभी राहू शकतात. ती चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांचे ज्ञान मात्र आपोआप तेथे येत नाही. ते विचारून, ऐकून व लिहून ठेवावे लागते. पिनबॉलच्या इतिहासातून नागपूरच्या अभ्यासकाने घ्यावयाचा धडा हाच आहे.

निष्कर्ष :

१. पिनबॉलची दुरुस्ती त्याच्या इतिहासाच्या कडेला घडलेली घटना नाही. खेळ कौशल्याचा ठरण्यासाठी यंत्र सुस्थितीत असणे ही पूर्वअट होती.

२. अद्ययावतीकरणाचा उगम टंचाईत झाला. १९४२ नंतरच्या रूपांतरांनी व्यवसाय तगला, पण अनेक यंत्रांचे मूळ रूप लोपले.

३. तंत्रज्ञान प्रगत होत गेले तसतशी दुरुस्ती अवघड होत गेली. नव्या यंत्रांच्या जतनासाठी सुट्या भागांइतकीच नकाशांची व ज्ञानाची साठवण आवश्यक आहे.

४. जतन करताना मागे घेता येणारेच बदल स्वीकारावेत आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद यंत्रासोबत ठेवावी.

५. यंत्रांच्या संग्रहालयांनी वस्तूंबरोबरच कारागिरांच्या मौखिक साक्षी संकलित कराव्यात. वस्तू गंजते त्याआधी तिला ओळखणारा माणूस निवृत्त होतो. म्हणून हे काम आधी हाती घेणे गरजेचे आहे.